वड्यांत गेलेले तवकीर

नगर रस्त्यावरील एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी नोकरीची सारी वर्षे काढली. काम थोडक्यात सांगता येते. गोळी पोटात गेली की ठरलेल्या वेळात फुटली पाहिजे. फुटली नाही, तर माल अडवायचा. ती फुटावी म्हणून तिच्यात स्टार्च घालतात. पाणी लागले की तो फुगतो आणि गोळीला आतून उखडून टाकतो. माल अडवणाऱ्या माणसाला कोणी चहाला बोलावत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

माझ्या नातीने पीएच. डी.साठी नेमका उलटा विषय घेतला. स्टार्चचे अतिसूक्ष्म कण तयार करायचे, त्यांत औषध कोंडायचे आणि ते पोटात गेल्यावर हळूहळू, दिवसभर पुरेल असे सुटू द्यायचे. आयुष्यभर मी ज्याच्याकडून फोडण्याचे काम करून घेतले, त्याच्याकडून ती धरून ठेवण्याचे काम करून घेणार होती. मी तिला म्हणालो की हे स्टार्चच्या स्वभावात नाही. ती म्हणाली, स्वभाव कणाच्या आकारावर असतो. मी विषय वाढवला नाही.

तिचे आईवडील नोकरीनिमित्त बंगळूरला. ती शिक्षणासाठी आमच्याकडे सहकारनगरात राहत असे. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर नॅनोकण रोज असत. माझ्या पत्नीने एकदा विचारले, "म्हणजे औषध पिठात घोळवायचं, असंच ना?"

"घोळवायचं नाही, आजी. कोंडायचं. घोळवलं तर बाहेरचं लगेच सुटतं."

"मग सारण भरायचं."

नातीने थोडा विचार केला आणि हे बरोबर आहे असे सांगितले. त्या दिवसापासून पत्नी या विषयात स्वतःला जाणकार समजू लागली. तिला रसही होता. औषध होते दुखण्यावरचे, जुनेच. ते एकदम सुटले की पोटात आग पडते. पत्नीचे गुडघे आणि तिचे पोट या दोघांचे त्या औषधावरून फार दिवसांचे भांडण होते.

स्टार्च कोणता घ्यायचा यावर नातीने बराच वेळ घालवला आणि शेवटी तवकीर घेतले. आपल्याकडे उपवासाला चालते आणि पोट बिघडलेल्या मुलाला पाण्यात शिजवून देतात ते. रानहळदीच्या जातीच्या एका कंदापासून ते निघते. तिने कोकणातून कंद आणवले, स्वतः सोलले, वाटले, गाळले. पाणी बदलून बदलून साका बसवला आणि वाळवला. घरात आठवडाभर पातेली मोकळी नव्हती. कंद हिवाळ्यात निघतात, नंतर मिळत नाहीत. म्हणून तिने सगळे काम पुरेल एवढे एकदमच करून ठेवले. पुढचे सर्व प्रयोग त्या एकाच लॉटवर झाले. हे शहाणपणाचे होते. माल बदलला की निकाल बदलतो, आणि मग दोष कशाचा हे देवालाही सांगता येत नाही.

प्रयोग ऐकायला सोपा आहे. तवकीर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचे, त्यात औषध मिसळायचे आणि ते ढवळत्या अल्कोहोलमध्ये थेंबथेंब सोडायचे. दुधासारखे धुके उठते. ते धुके म्हणजेच कण. पुढे हे कण पातळ पडद्याच्या पिशवीत बांधून अंगाइतक्या कोमट पाण्यात लटकवायचे आणि ठरावीक वेळाने त्या पाण्यात औषध किती उतरले ते मोजायचे. सुरुवातीलाच सगळे उतरले, तर प्रयोग फसला. संथ उतरत राहिले, तर साधला.

तिचा साधला. मग तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिला अखेरचे काम सांगितले: त्याच पद्धतीने लागोपाठ तीन बॅचेस करून दाखव, तिन्ही सारख्या आल्या की मी प्रबंधावर सही करते. मागणी रास्त होती. मीही तेच मागितले असते. अडचण मुदतीची होती. विद्यापीठाने एकदा मुदतवाढ दिली होती, दुसरी मिळणार नव्हती. पावसाळा संपेपर्यंत प्रबंध गेला नाही, तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचे काम कपाटात. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. कोणी उच्चारत नव्हते.

त्याच सुमारास महाविद्यालयाला प्रयोगशाळा रंगवण्याची बुद्धी झाली. सामान थोडे दिवस बाहेर काढायचे होते. नातीने तवकिराची काचेची बरणी घरी आणली. तिच्या खोलीची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून बरणी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली. कोरडी जागा तीच. निर्णय योग्य होता.

येथे आमच्या घरातली एक पद्धत सांगणे आवश्यक आहे. निवृत्तीनंतर गुणवत्ता विभाग माझ्याबरोबर घरी आला. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव आणि आणल्याची तारीख लिहायची, आणि एकाच पदार्थाचे दोन डबे असतील तर जुना आधी संपवायचा, असा नियम मी घातला. पत्नीने सुरुवातीला हरकत घेतली. डाळ बघितली की डाळ कळते, तिला वाचायची काय गरज, असे तिचे म्हणणे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तिला नीट दिसेनासे झाले तेव्हा ती माझी ठळक अक्षरे वाचू लागली. पुढे डोळे सुधारले, पण सवय राहिली. नियम पाळण्यात तिने मला मागे टाकले. मीच एकदा नवा गूळ आधी फोडला, तर तिने मला शेजारणीसमोर सुनावले.

नातीने बरणीवर लेबल लावले होते. "तवकीर. शुद्ध." खाली हिवाळ्यातली तारीख. अक्षर सुवाच्य. ते प्रयोगाचे आहे, असे तिने कुठे लिहिले नव्हते आणि आजीला सांगितलेही नव्हते.

संकष्टीला पत्नीकडे सोसायटीतले भजनी मंडळ असते. त्या दिवशी तिने तवकिराच्या वड्या करायचे ठरवले. दुकानातून आणलेली पुडी घरात होती, तिच्यावर त्याच आठवड्याची तारीख होती. फळीवर बरणी होती, तिच्यावर हिवाळ्यातली. नियमाप्रमाणे तिने जुने आधी काढले. मंडळ मोठे होते, म्हणून सगळे काढले. साखर, दूध आणि वेलदोडा घालून घोटले, ताटात थापले, वड्या पाडल्या.

वड्या फारच मऊ झाल्या. बायकांनी कृती विचारली. मीही दोन खाल्ल्या. चव उत्तम होती, हे नोंदवणे भाग आहे.

संध्याकाळी नात आली, पाणी प्यायली आणि रिकामी बरणी धुऊन पालथी घातलेली पाहिली. प्रथम तिला वाटले की आजीने माल दुसऱ्या डब्यात काढून ठेवला. तिने शांतपणे विचारले. पत्नीनेही शांतपणे सांगितले.

"आजी, अगं, ते माझं होतं."

"लेबल होतं ना त्याच्यावर. शुद्ध म्हणून. आणि जुनं होतं." पत्नी माझ्याकडे वळली. "जुनं आधी. बरोबर ना?"

मी बरोबर आहे असे म्हणालो. नातीने फ्रिज उघडला. बशीत पाच वड्या उरल्या होत्या. ती त्यांच्याकडे इतका वेळ पाहत उभी राहिली की तिच्या मनात काय चालले आहे ते मला कळले.

"साखर धुऊन काढता येईल," ती म्हणाली. "अल्कोहोलने नाही, आधी पाण्याने. शिजवायचं तर असतंच."

"दुधाचं काय करशील?"

तिने फ्रिज बंद केला.

पत्नी त्या रात्री चंद्रोदयानंतरही जेवली नाही. उपवास सोडायचा असतो, धरून ठेवायचा नसतो, असे मी तिला सांगितले. तिने मला जे उत्तर दिले ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी नातीला सल्ले दिले. बहुतेकांचे मत एकच होते: बाजारातून तवकीर आण, बॅचेस कर आणि प्रबंधात लॉट तोच लिही, कोण बघायला येतंय. सल्ला प्रेमाने दिलेला होता. ती घरी येऊन माझ्या खुर्चीसमोर बसली. मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"आजोबा, तुमच्या कारखान्यात असं झालं असतं तर?"

"माल बदलला असं लिहिलं असतं. कारण लिहिलं असतं. पुढे काम केलं असतं."

"आणि नव्या मालानं निकाल बिघडला असता तर?"

"बिघडला असंही लिहिलं असतं."

"माझी नोंदणी जाईल, आजोबा."

"जाईल कदाचित."

ती उठून गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. पत्नीने आतून सर्व ऐकले होते. "अहो, ती काय विचारत होती आणि तुम्ही काय सांगत बसलात," ती म्हणाली. "तिला सोबत हवी होती. नियम काय, फळीवर आहेतच."

मी त्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी नात बाजारात निघाली, तेव्हा मी चपला घालून दारात उभा होतो.

तिच्या स्कूटरवर मागे बसणे हा स्वतंत्र अनुभव आहे. स्वारगेटच्या चौकात मी दोन वेळा वेग कमी करण्याची सूचना केली. ती म्हणाली की आपण थांबलेलो आहोत. ते खरे होते. माझे डोळे मिटलेले होते.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, काष्ठौषधींची जुनी दुकाने आहेत. त्यांतल्या एका दुकानात माझ्याच वयाचे एक मुसलमान गृहस्थ बसतात. तीन पिढ्यांचे दुकान, आणि मराठी असे की शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने ऐकावे. नातीने तवकीर मागितले. त्यांनी विचारले, किती रुपयांचं. तिने विचारले, खरं आहे का.

"ताई, खरं हवंय की तवकीर हवंय?"

नातीला कळेना. त्यांनी मग सविस्तर सांगितले: बाजारात तवकीर म्हणून येते त्यातले पुष्कळसे मक्याचे किंवा साबुदाण्याच्या कंदाचे असते. गिऱ्हाईक वड्या करते, वड्या होतात, कोणी परत येत नाही. आपल्याकडे तीन ठिकाणचा माल आहे. तिन्ही देणारे शपथ घेतात. "शपथेचे पैसे मी लावत नाही," ते म्हणाले, "पुडीचे लावतो." मी त्यांना एवढेच विचारले की तीनही वेगवेगळ्या पुड्यांत देता येईल का. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, आपण औषध खात्यातले का?" मी निवृत्त असल्याचे सांगितले. तेव्हा त्यांनी चहा मागवला. इतक्या वर्षांत मला माझ्या कामासाठी मिळालेला तो पहिला चहा असावा.

तीनही नमुने नातीने रंग सुकलेल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मक्याचे दाणे कोनदार दिसतात, तवकिराचे लांबट आणि चपटे. दोन पुड्यांत मका निघाला. तिसरी खरी होती. मी घरी बसून होतो. तिचा संदेश आला, त्यात फक्त एका चपट्या दाण्याचे छायाचित्र होते. मी ते पत्नीला दाखवले. तिने ते बराच वेळ पाहिले आणि तांदळासारखा आहे म्हणाली.

पहिली बॅच फसली. पिशवीतले औषध पहिल्याच तासात बहुतेक सारे पाण्यात उतरले. माझ्या कारखान्यात त्या मालाचे कौतुक झाले असते. तिला मुदत संपताना दिसत होती. ती घरी आली, जेवली नाही, आणि गॅलरीत जाऊन बसली. पत्नी मला खुणेने जायला सांगत होती. मी गेलो आणि शेजारी बसलो. काही बोललो नाही. हे मला साधते.

बऱ्याच वेळाने तिनेच बोलायला सुरुवात केली. माझ्याशी नव्हे, स्वतःशी. हिवाळ्यातला माल तिने स्वतः धुतला होता, पाणी निवळ येईपर्यंत. बाजारातला माल खरा होता, पण धुतलेला होता का? कंदातला चिवट भाग, रंग, तेलकटपणा त्यात राहिला असेल तर कणांची वीण सैल पडणार आणि औषध निसटणार. हे सगळे तिने मोठ्याने म्हटले, मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली नाही. तर्क तिचा होता, तपासायचाही तिनेच.

त्यानंतर आमच्या घरात पुन्हा पातेली मोकळी नव्हती. तवकीर पाण्यात कालवायचे, बसू द्यायचे, वरचे पाणी हलक्या हाताने ओतायचे, पुन्हा नवे पाणी. गढूळ, कमी गढूळ, मग निवळ. पत्नी त्या पातेल्यांजवळून जाताना पदर सावरून जाई. तिने त्यांना बोटही लावले नाही. मदत करू का, असे एकदाच विचारले, आणि नातीने "पाणी तू ओत, आजी, तुझा हात स्थिर आहे," असे म्हटल्यावर ती जेवायचे विसरून दुपारभर गॅलरीत पातेल्यांपाशी पाणी ओतत बसली. कामवालीला त्या दिवशी भांडी घासायला पातेले मिळाले नाही. तिने तसे स्पष्ट बोलून दाखवले.

धुतलेल्या मालाच्या तीनही बॅचेस सारख्या आल्या. औषध संथ उतरले. मात्र एक फरक राहिला. हिवाळ्यातला लॉट औषध जेवढा वेळ धरून ठेवत असे, तेवढा वेळ हा धरत नव्हता. पहिला दिवसभर पुरायचा. हा संध्याकाळच्या आत संपत होता. नातीने दोन्ही आलेख शेजारी शेजारी छापले. प्रबंधाच्या शीर्षकात "चोवीस तास" हे शब्द होते, ते तिने काढले. मार्गदर्शक बाईंनी कारण विचारले, ऐकले आणि सही केली. त्या हसल्या की नाही, ते तिने सांगितले नाही. प्रबंध मुदतीत गेला.

पण सही म्हणजे पदवी नव्हे. दोन परीक्षक तो वाचणार होते, आणि त्यांतल्या एकासमोर खुली तोंडी परीक्षा व्हायची होती. मंडळी बसतात, कोणीही ऐकू शकते, बाहेरचा परीक्षक विचारेल त्याला उत्तर द्यावे लागते. त्याला माल बदलणे मान्य झाले नाही, तर तो प्रबंध परत पाठवू शकत होता. परत म्हणजे नव्या हिवाळ्याचे कंद आणि पुन्हा सगळे. नातीला हे ठाऊक होते. पत्नीला तर त्याहून जास्त ठाऊक होते. परीक्षेच्या दिवशी ती नऊवारी नेसली आणि मला म्हणाली की त्याने विचारलं तर मीच उभी राहून सांगते. तशी पद्धत नसते, असे मी सांगितले.

आम्ही मागच्या रांगेत बसलो. परीक्षक दुसऱ्या शहरातून आले होते. उंच, किरकोळ, बोलणे मोजके. मला माणूस आवडला, आणि म्हणूनच काळजी वाटली. नातीने तिचे सादरीकरण केले. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी त्यांनी प्रबंध उघडला.

"लॉट का बदललात?"

"सर, पहिला लॉट घरी संपला."

"संपला म्हणजे?"

"आजीने वड्या केल्या."

सभागृह हसले. मुले तर बाक वाजवायची तेवढी बाकी राहिली. माझ्या शेजारी पत्नीने पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली. परीक्षक हसले नाहीत. हसणे पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"हे लिहिलंय?"

"लिहिलंय, सर. 'कच्चा माल घरगुती वापरात संपला, म्हणून पर्यायी माल घेतला.'"

त्यांनी पाने उलटली, वाचले. दोन्ही आलेख काढून ते काही वेळ पाहिले.

"दुसरा आलेख लवकर संपतो. पहिला चांगला आहे. फक्त पहिलाच छापला असता, तर मला कळलं असतं का?"

"नाही, सर."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो, सर."

"पुढचा प्रश्न," ते म्हणाले.

पत्नीने पदराआडून मला विचारले की म्हणजे काय झालं. मी सांगितले की तो प्रश्न संपला. ती म्हणाली, मग चांगलं की वाईट? मी तिला गप्प राहण्यास सांगितले, कारण मला पुढचे ऐकू येत नव्हते. पुढचे प्रश्न कणांच्या आकाराचे होते. ते अवघड होते. तिला एकाचे उत्तर आले नाही, आणि तिने तसे सांगितले.

दारे बंद करून मंडळींनी आत चर्चा केली. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. पत्नीने बाकावर बसायला नकार दिला. दार उघडले आणि परीक्षकांनी विद्यापीठाने ठरवून दिलेले ते वाक्य वाचून दाखवले. पदवी देण्याची शिफारस झाली होती. मग ते सरळ आमच्याकडे आले, पत्नीला नमस्कार केला आणि म्हणाले, "आपल्यामुळे या प्रबंधात एक आलेख जास्त आला. तो नसता तर मी खूप जास्त प्रश्न विचारले असते."

पत्नीने त्यांना घरी जेवायला बोलावले. त्यांची गाडीची वेळ झाली होती.

नात आली. आधी आजीच्या पाया पडली, मग माझ्या. आजीचे डोळे भरलेले होते, ते तिने लपवले नाहीत. माझ्याकडे सगळे पाहत होते, तेव्हा काहीतरी म्हणणे आवश्यक होते.

"दुसऱ्या आलेखावरचे आकडे लहान होते," मी म्हणालो. "मागून दिसत नव्हते."

"चष्म्याचा नंबर बदललाय तुमचा, आजोबा," ती म्हणाली. "उद्या सकाळी जाऊ. गाडी मी हळू चालवीन."

मी होकार दिला.